घरी विमान बांधायचं तर आधी वजन बघा

संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला घरी बांधायच्या दोन सीटांच्या अल्ट्रालाइट विमानावरचा लेख वाचला, फोटो झकास आहेत पण सगळा लेख स्पीड आणि लुकवरच संपलाय, आणि असलं विमान डिझाइन करताना खरी मारामारी असते वजनाशी, त्यावर एक ओळ नाही. युरोपात कितीतरी वर्षं या क्लासच्या विमानाच्या उडतानाच्या एकूण वजनाची लिमिट 450 किलो होती (आता काही देशांनी 600 केलीय). तुम्हीच हिशोब करा, दोन माणसं 170 किलो, 40 लिटर पेट्रोल 29 किलो, रोटॅक्स 912 सारखं 80 हॉर्सपॉवरचं इंजिन रेडिएटर, एक्झॉस्ट, प्रोपेलरसकट 80 च्या आसपास. उरले 170. त्यात पंख, बॉडी, शेपूट, चाकं, वायरिंग सगळं बसवायचं, आणि रंग! रंगाचे दोन हात जास्त मारले की काही किलो तिथेच गेले.

वर या 450 किलोच्या क्लासला स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की पंख विमानाला पेलत नाहीत तो वेग, ताशी 65 किमीच्या आत हवा. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) नसतील तर 450 किलोला साधारण 14 चौरस मीटर पंख लागतो म्हणजे 150 चौरस फूट, बीडीडी चाळीतली खोली 160 ची असते. फ्लॅप दिले तर 11 वर भागतं पण मग बिजागऱ्या, रॉड, लिव्हर, परत वजन आलंच.

सीटा शेजारी-शेजारी की मागेपुढे, हे पण लेखात नुसतं दिसण्यावरून ठरवलंय. मागेपुढे केलं तर बॉडी अरुंद होते, हवा कमी अडते, मान्य. पण दुसरा माणूस बसला काय न बसला काय, सीजी (विमानाच्या वजनाचा मध्य) फार हलून चालत नाही, म्हणून मागची सीट जवळजवळ सीजीवरच आणावी लागते. शेजारी बसवलं की ही कटकट बरीच कमी. थोडा स्पीड गेला तर जाऊदे.

आणि ते कार्बन फायबरचं कौतुक! जुलैत मुंबईतल्या एखाद्या गाळ्यात त्याचे थर चिकटवायचं इपॉक्सी लावून बघा, दमट हवेने वर मेणचट थर येतो, तो धुवून घासला नाही तर पुढचा थर नीट धरत नाही, आणि आत पोकळी राहिली तर बाहेरून कळतही नाही. त्यापेक्षा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पॉप रिवेट बरे, झेनिथ या अमेरिकन किट कंपनीची विमानं लोक तशीच बांधतात, रिवेट चुकला तर दिसतो, ड्रिलने काढून परत मारता येतो. फक्त आपल्याकडे खारी हवा, त्यामुळे आतून प्रायमर हवाच.

जागेचं म्हणाल तर कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर सहा सीटांचं विमान बांधलं, 2016 मध्ये बीकेसीला मेक इन इंडियात ते सगळ्यांनी पाहिलं. पण बांधलेलं खाली कसं उतरवणार हे ड्रॉइंगमध्येच ठरलेलं बरं, म्हणजे पंख पिना काढून सुटे होणारेच पाहिजेत.

पुढच्या लेखात रिकाम्या विमानाचं वजन आणि सीजीची रेंज तेवढी छापा, टॉप स्पीड नाही छापला तरी चालेल.

– एक वाचक, बोरिवली