कानावरचा ठिपका

चि. केदारला अनेक आशीर्वाद.

परवा तू चिडलास ते बरोबरच होतं. विम्यासाठी बाबांनी पाठवलेल्या कागदांत तुला माझा बायोप्सीचा रिपोर्ट सापडावा, आणि मी तीन आठवडे तोंडातून अक्षर काढू नये, ही चूक माझीच. पण "मग फुफ्फुस बदलल्यापासूनच्या त्या गोळ्याच कमी करायला सांग ना," असं तू म्हणालास, त्यावर फोनवर धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय. अक्षर वाकडं आलंय ते त्यातल्याच टॅक्रोलिमस नावाच्या गोळीमुळे, हात थोडा कापतो. घाबरू नकोस.

कॅन्सर हा शब्द मला नवा नव्हता. चेन्नईत ऑपरेशनसाठी सही करण्याआधी डॉक्टरांनी सगळं समजावलं, तेव्हा तू खाली कॅश काउंटरच्या रांगेत होतास. नवं फुफ्फुस शरीराला परकंच. परकं ओळखणाऱ्या पेशींना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन मिळून दाबून ठेवतात. पण बिघडलेली पेशी वेळीच हेरून मारायचं कामही त्याच पेशींकडे असतं. फक्त फुफ्फुसापुरतं गप्प बसा, असं त्यांना सांगता येत नाही. त्यात फुफ्फुसाचं शरीराशी जमणं अवघड, रिजेक्शन, म्हणजे शरीराने ते झिडकारणं, लवकर होतं, म्हणून किडनीवाल्यांपेक्षा आमचे डोस सहसा चढे. ते मनाने कमी केले तर कॅन्सरची वाट बघायलाही मी उरायची नाही.

ठिपका कानाच्या वरच्या कडेला होता. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. चष्म्याची काडी घासते म्हणून मी दोन महिने खोबरेल लावत बसले. तो निघाला स्क्वॅमस सेल, कातडीचा एक कॅन्सर. एरवी गोऱ्या लोकांत कातडीचा बेसल सेल हा दुसरा प्रकार जास्त दिसतो, आमच्यासारख्या अवयव बदललेल्यांत उलटं. पहिल्या वर्षी बुरशीसाठी आठ महिने वोरिकोनाझोल चालू होतं, आठवतं? त्याने कातडी उन्हाला हळवी होते आणि याच कॅन्सरचा धोका वाढतो. तरी त्या गोळीवर माझा राग नाही, बुरशीने तेव्हाच नेलं असतं. ठिपका कडेपर्यंत साफ निघालाय, टाकेही सुटले. डॉक्टर म्हणतात, पुन्हा असलं काही आलं तर मायकोफेनोलेट उतरवून एव्हरोलिमस या दुसऱ्या गोळीचा विचार करू. म्हणजे गोळ्या बदलतात, पण त्या त्यांनी बदलायच्या, आपण नाही.

तू नेटवर आकडे वाचले असशीलच. परदेशातल्या नोंदींत फुफ्फुस बदलून पाच वर्षं काढलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला कुठला ना कुठला कॅन्सर होतो, पण त्यातला मोठा वाटा गोऱ्या कातडीवरच्या गाठींचा. आपल्याकडे कातडीचं प्रमाण कमी. मात्र सावळ्या माणसाला तो उन्हाने न भाजलेल्या जागीही होऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा डोक्यापासून तळव्यापर्यंत तपासणी. लिम्फोमाचं, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं म्हणशील तर त्यामागचा एबस्टाइन-बार विषाणू आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो. ज्यांना तो आधी झालेला नसतो त्यांना धोका जास्त. माझी तपासणी ऑपरेशनआधीच झाली होती, मी जुनी गिऱ्हाईक निघाले.

खरी काळजी मला वेगळीच आहे, आणि ती मी बाबांनाही नीट सांगितलेली नाही. बदललं ते डावं फुफ्फुस. उजवं जुनंच आहे, कबुतरांच्या विष्ठा-पिसांच्या धुळीने खाल्लेलं. गॅलरीतल्या त्या पारव्यांना मी दहा वर्षं दाणे घातले! असं चट्टे पडून आकसलेलं फुफ्फुस आत राहिलं की फुफ्फुसाचा कॅन्सर झालाच तर बहुतेकदा तिथेच उगवतो, नव्यात नाही. म्हणून तो सीटी स्कॅन. पुढचा मार्चमध्ये आहे. या वेळी रिपोर्ट आला की आधी तुला फोन करीन.

मावशीला मात्र तू समजाव. गुळवेलीचा काढा पाठवायचं थांबवत नाही ती, म्हणे प्रतिकारशक्ती वाढते. अगं, तीच वाढू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ नऊला गोळ्या गिळतेय की मी! माझं कोण ऐकतंय.

टोपी पाठवू नकोस, तीन झाल्यात. कान झाकणारी एकच आहे, तीच घालते. सनस्क्रीनही लावते, बाबा हसतात.

गणपतीला येशील तेव्हा पपनसं आलेली असतील. टॅक्रोलिमसशी त्यांचं वाकडं, रक्तातली पातळी चढवतात. माझ्या वाटणीचंही तूच सोल.

तुझी,
आई