प्लास्टिकचं तेल परसात काढू नका

संपादक साहेब, नमस्कार,

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरायलाय, लोखंडी डब्यात प्लास्टिक भरलं, खाली जाळ घातला, नळीतून तेल आलं आणि त्यावर गाडी चालू केली. आमच्या वडगावातली काही पोरं हे परसात करून बघायच्या तयारीत आहेत, म्हणून हे पत्र.

तेल निघतं, ती थाप नाही. याला पायरोलिसिस म्हणतात, म्हणजे हवा लागू न देता बंद भट्टीत साधारण 400-500 डिग्रीला तापवायचं, मग प्लास्टिक जळत नाही, त्याच्या लांब साखळ्या तुटून वाफ होते, ती गार केली की तेल, राहिलेला गॅस परत भट्टीलाच वापरतात आणि तळाला काजळी. डेहराडूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियमने गेल या सरकारी गॅस कंपनीच्या मदतीनं 2019 साली असा प्लांट चालू केला, 1 टन प्लास्टिकला 800 लिटरच्या आसपास डिझेल. पण तिथं तेल साफ करायची सोय आहे. डब्यातलं तेल म्हणजे पेट्रोल, डिझेल, मेण सगळं एकात एक, त्यानं इंजिनची वाट लागते, आणि नळीत मेण गोठलं तर डबाच फुटतोय की ओ!

शिवाय कुठलंही प्लास्टिक चालत नाही. पीव्हीसी पाइप, वायरचं कव्हर घातलं तर आम्लाचा धूर, कारण पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतंय, ते आम्ल लोखंडपण खातं मग आपल्या छातीचं काय. पाण्याच्या बाटल्यांतून तेल कमीच, ते भंगारवाल्याला दिलेलं बरं. खरा चांगला माल म्हणजे दुधाची पाकिटं, बादल्या, डबे. आणि आम्ही काय करतो, तीच पाकिटं न्हाणीच्या चुलीत जाळ पेटवायला घालतो! नाहीतर ती बळ्ळारी नाल्यात जातात, पावसाळ्यात नाला तुंबून शिवारातलं भात कुजतं, आणि चिखलानं माखलेलं ते प्लास्टिक धुऊन वाळवायचा खर्च कोण करणार?

तुरमुरीच्या डेपोला शहराचा कचरा जातोच, तिथं असा प्लांट कधीतरी व्हावा, उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्यांच्या भट्ट्या तेलावर चालतात त्यांना गिऱ्हाईक म्हणून विचारता येईल. पण त्याआधी कचऱ्याच्या गाडीत दुधाच्या पाकिटांना वेगळं पोतं लावा, एवढं उद्यापासून जमतं. बायकांनीही पाकीट धुऊन तारेवर वाळवावं, आणि कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो बारीक तुकडा कुणालाच वेचता येत नाही.

एक वाचक, वडगाव, बेळगाव