इकडील सर्व ठीक

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, श्रीलंकेत तुम्हाला घरची आठवण यायची का?" मी "छे, वेळच कुठं होता" म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडे दिला. खोटं बोललो. वेळ ढीगभर होता.

1988 ला जाफन्यात उतरलो तेव्हा मी वीस वर्षांचा. आदल्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला, तेव्हा तिथल्या तमिळ लोकांनी आपल्या शांतिसेनेला हार घातले होते. ऑक्टोबरात टायगरांशीच, म्हणजे तमिळ बंडखोरांशीच, लढाई जुंपली. आमच्या वाट्याला बंद दारं आली. भांडण त्यांच्या घरातलं आणि मध्ये आम्ही.

कॅम्प म्हणजे वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, काटेरी तार आणि चहूकडे ताड. दिवसा रोड ओपनिंग: रस्त्याच्या कडेकडेनं पायी, नजर मातीवर. ताजी उकरलेली माती म्हणजे सुरुंग. त्या अडीच वर्षांत आपले अकराशेच्या वर जवान गेले. आजही पाइपलाइनसाठी खणलेलं दिसलं की मी लांबून वळसा घालतो आणि तुम्ही मायलेकी हसता. हसा.

खरी वाईट तिन्हीसांज. 'स्टँड टू'ला सगळे रायफल घेऊन मोर्च्यात, काळोख पडेपर्यंत चिडीचूप. तारेपलीकडच्या वस्तीतून कुठली तरी बाई पोराला घरी बोलवायची. शब्द कळत नव्हते, हाक कळायची. गळ्याशी आवंढा यायचा आणि शेजारी कुणी बघत तर नाही ना, याचीच काळजी जास्त. लंगरचा डाळभात पोटभर मिळे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाकरीचा करपलेला वास आठवून मी एकदा ताट तसंच ठेवून उठलोय.

घरी मात्र दर पत्रात 'इकडील सर्व ठीक'. तुझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. माझं पत्र पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, निम्मी आळी ऐकायला. तिथं काय रडणार? ती पण शेजारच्या पोराकडून 'काळजी करू नये' लिहून घ्यायची. म्हणजे आम्ही दोघंही खोटं बोलत होतो, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

अंतर्देशीय पत्रात काही घालायला बंदी असते. तिला कोण सांगणार? एकदा घडी उघडली तर आत पालीच्या खंडोबाचा भंडारा. घडीवरची अक्षरं पिवळी झालेली, दोन ओळी वाचताच येईनात. त्या दोन ओळींत काय होतं, हे मी पुढं तिला विचारलंच नाही. बोटं पुसायची राहिली आणि स्टँड टू झाला. सकाळी हवालदारांनी रायफल तपासायला घेतली, तर लाकडावर पिवळे डाग. डाग म्हणजे शिक्षा. त्यांनी नाकाशी नेऊन वास घेतला. जरा वेळ तसेच उभे राहिले आणि रायफल परत दिली.

तू फोनवर "मी मस्त आहे" म्हणालीस, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे, म्हणून हे लिहिलं. नर्सिंगची तीन वर्षं सोडून ये असं म्हणणार नाही. पण रडू आलं तर रडतच फोन कर, इथं ओट्यावर कुणी बसलेलं नाही.

आईनं भाजणी दळलीय. शनिवारी वरच्या आळीतला पोरगा पुण्याला निघालाय, त्याच्याकडे डबा देतो. तळाशी एक पुडी आहे. जपून उघड, रंग लवकर जात नाही.

तुझे बाबा