गाळ उपसण्याआधी त्याचे वय मोजू द्या : मृद व जलसंधारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
मृद व जलसंधारण विभाग, महाराष्ट्र शासन, यांस

स.न.वि.वि.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेला माझा विरोध नाही. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तलावांची साठवण वाढणे आणि मुरमाड रानावर काळा गाळ पडणे, दोन्ही हवेच आहे. विनंती एवढीच की, जुन्या तलावात पोकलेन उतरण्याआधी, थरांचे वय मोजण्यासाठी तळातून गाळाचे दोन-तीन अखंड नमुने काढून घेण्याची अट कार्यादेशातच असावी.

आपल्या गाळात बेसॉल्टच्या (काळ्या पाषाणाच्या) झिजेतून आलेले मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे सूक्ष्म कण भरपूर असतात. संथ पाण्यातून तळाशी बसताना ते त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे काहीसे वळतात आणि वरच्या थरांच्या भाराने चिखल घट्ट होत गेला की तसेच अडकून राहतात. क्षेत्र जितके प्रबळ, तितकी त्यांची एकदिशा अधिक. मात्र एखाद्या थरात मुळातच मॅग्नेटाइट जास्त असेल तर चुंबकत्वही जास्त भरते, म्हणून प्रयोगशाळेत त्याच नमुन्याला ज्ञात क्षेत्रात नव्याने चुंबकत्व देऊन मूळच्या चुंबकत्वाला त्याने भागतात. थरागणिक येणाऱ्या भागाकारांतून क्षेत्राच्या चढउतारांचा आलेख मिळतो आणि तो वय ठाऊक असलेल्या विटा, खापरे व इतर सरोवरांवरून रचलेल्या आलेखाशी जुळवला की थरांचे वय ठरते. सुमारे 41,000 वर्षांपूर्वी हे क्षेत्र आजच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आले होते. इतक्या जुन्या सरोवरगाळात ती खोल घट ओळखता येते.

जैविक अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणारी कार्बन-14 पद्धत आहेच की, असे कोणी म्हणेल. पण चुनखडीतून विरघळलेला जुना कार्बन पाणवनस्पतींत आणि शिंपल्यांत शिरून वय फुगवतो, आणि सुमारे 50,000 वर्षांपलीकडे ती पद्धत चालत नाही. (कालमापन किती निसरडे असते ते लोणारला दिसले : विवराचे वय आधी सुमारे 52,000 वर्षे मानले जाई, पुढे आरगॉन पद्धतीने ते सुमारे 5,70,000 निघाले.) चुंबकीय पद्धतही एकटी पुरत नाही, प्राणवायू नसलेल्या, कुजक्या वासाच्या चिखलात मॅग्नेटाइट विरघळून जाते. म्हणून दोन्ही मोजमापे एकाच नमुन्यावर हवीत.

सोलापूर यासाठी सोयीचे आहे. हिप्परग्याचा एकरुख तलाव 1871 चा, म्हणजे त्याच्या गाळाच्या सर्वांत खालच्या थराचे वय आपल्याला ठाऊक आहे; आणि तेव्हा कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी होत होत्या, ज्या मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 पासून अलिबागला नेण्यात आल्या. तेव्हा आपला गाळ क्षेत्राची नोंद कितपत खरी ठेवतो, हे तिथे आधी पारखता येईल. मग सिद्धेश्वर तलावासारख्या शतकांच्या जुन्या तळाकडे वळावे. उपशामुळे तिथला वरचा गाळ कालवलेला असणार. खालचे थर शाबूत निघाले, तर तलाव आटून भेगाळल्याच्या खुणांना, म्हणजे जुन्या दुष्काळांना, काळ लावता येईल.

काम किचकट नाही, पण शिस्तीचे आहे. नळी लोखंडी नको, प्लास्टिकची हवी. ती उभी उतरवून, वर काढण्याआधीच तिच्यावर उत्तरेची आणि वरच्या टोकाची खूण करावी लागते. पुढे तिच्यातून सुमारे दोन सेंटिमीटरचे घन कापून मोजतात. हे मोजमाप पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे सोपवता येईल आणि नमुने काढण्यासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातील भूशास्त्राचे विद्यार्थी सोबत घेता येतील. बकेटीने एकदा उचललेल्या गाळातली कणांची दिशा पुन्हा मिळत नाही, म्हणून उपसा झाल्यावर दिलेली परवानगी निरुपयोगी ठरेल.

पुढच्या उन्हाळ्याचे कार्यादेश निघण्यापूर्वी ही अट त्यांत घालावी आणि प्रत्येक जुन्या तलावात तळाची एक पट्टी न उपसता राखावी, ही विनंती.

आपला,
भूशास्त्राचा एक शिक्षक, सोलापूर