आजारी मुलांचा घरचा अभ्यास: बाईंना आभाराचं पत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावरही तुम्ही आमच्या वस्तीतल्या आजारी मुलांचा अभ्यास सुटू दिला नाहीत, त्याबद्दल हे पत्र. कुणाच्या पायाला प्लास्टर, कुणाला कावीळ, कुणाला ऑपरेशननंतरची सक्तीची विश्रांती. कारण कोणतंही असो, दोन-चार महिने शाळा बुडते आणि घरातला पैसा आधीच औषधांवर गेलेला असतो. शिकवणीवाल्याला घरी बोलावणं अशा घरांना परवडत नाही. तुम्ही एक रुपयाही न घेता प्रत्येक घराला वाट दाखवलीत. पत्र उघडं लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं दर थोड्या दिवसांनी कुणाला तरी लागतं आणि ते जसंच्या तसं त्यांच्या हाती पडावं असं आम्हाला वाटतं. उदाहरणं चौथीची घेतली आहेत. इयत्ता बदलली तरी पद्धत तीच राहते.

अभ्यासाच्याही आधी तुम्ही कागद नीट करायला लावलेत. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज: कारण, कोणत्या तारखेपासून मूल येणार नाही, अंदाजे कधी परतेल, सोबत डॉक्टरांचा दाखला. अर्जाच्या दोन प्रती करायच्या आणि एकीवर पोच घ्यायची. न कळवता महिन्याहून जास्त सलग गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य मुलांच्या पाहणीत धरलं जातं, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात गेला पाहिजे, हे तुम्ही प्रत्येकाला बजावलंत. आणि काहीही झालं तरी शाळा सोडल्याचा दाखला काढायचा नाही. नातेवाईक काळजीपोटी म्हणतात, "दाखला काढून ठेवा, पुढच्या वर्षी परत घालू." त्याने होतं एवढंच, की पटावरचं नाव जातं आणि परतताना पुन्हा प्रवेशापासून सुरुवात करावी लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पालकांनी घाबरून आपणच त्याला बाहेर काढू नये, हे तुमचं म्हणणं आता वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ किंवा एनआयओएस ही राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्था हे मार्ग ज्यांना नियमित शाळेत जाणं शक्यच नाही त्यांच्यासाठी. काही महिन्यांच्या आजारपणाला त्यांची गरज पडत नाही.

अर्ज द्यायला गेल्यावर वर्गशिक्षकांकडून दोन गोष्टी विचारून यायच्या. एक म्हणजे मासिक नियोजन: वर्ग आज कोणत्या पाठावर आहे आणि मूल परतेल तेव्हा कुठे असेल. दुसरी, आकारिक मूल्यमापनासाठी, म्हणजे वर्षभराच्या कामावर मिळणाऱ्या गुणांसाठी, घरून काय देता येईल. ही दुसरी गोष्ट पालकांना बहुधा ठाऊकच नसते. २०१० पासून चालत आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला ६० टक्के भार आकारिकचा आणि ४० टक्के संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, परीक्षेचा. वरच्या इयत्तांचं प्रमाण वेगळं असतं. आकारिकमध्ये तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय येतात आणि यातलं पुष्कळसं अंथरुणावर बसून होतं. शिक्षकांची तयारी असेल तर दर शनिवारी वही शेजारच्या वर्गमित्राबरोबर शाळेत पाठवायची, सोमवारी सही होऊन परत. तारीख घातलेली, शिक्षकांची सही असलेली ती वही हाच घरच्या अभ्यासाचा पुरावा.

तुमचे सर्वांत मोठे उपकार मात्र वेगळे आहेत. काय सोडून द्यायचं, ते तुम्ही सांगितलंत. घरात शाळा भरवायची नाही. मूल परत जाईल त्या दिवशी वर्गात चाललेलं त्याला समजलं पाहिजे, बाकीचं मागाहून भरून निघतं. गणितात एक पायरी हुकली की पुढची लागत नाही आणि वाचन थांबलं की सगळेच विषय थांबतात, म्हणून वेळ आणि ताकद या दोघांना. परिसर अभ्यास मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्यावर गप्पा मारायच्या, प्रश्नोत्तरं उतरवत बसायचं नाही. चौथीला वर्षानुवर्षं असलेला शिवछत्रपतींचा इतिहास तर मुलं आजी-आजोबांकडून ऐकूनच जास्त लक्षात ठेवतात. सुंदर अक्षरात धडे उतरवून काढणं तुम्ही पहिल्या दिवसापासून बंद केलंत. त्यात मुलाचा हात दमतो, तास निघून जातो आणि शिकून काहीच होत नाही.

वेळेचा हिशोबही तुमचाच. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास, म्हणजे दिवसाला चार तास. पण ते सगळ्या वर्गाचे. एकट्या मुलासमोर बसलं की दोन तास भरपूर होतात आणि आजारातून उठणाऱ्या मुलाला सुरुवातीला एकच झेपतो. पंचवीस मिनिटांचे तुकडे करायचे. सकाळी मूल ताजं असताना गणित, दुपारी झोप, संध्याकाळी वाचन. ताप किंवा दुखणं वाढलेल्या दिवशी आपण फक्त गोष्ट वाचून दाखवायची आणि तो बुडालेला अभ्यास दुसऱ्या दिवसावर लादायचा नाही. थकवा साचतो तो तिथेच, आणि मग मूल वही बघूनच तोंड फिरवतं.

खर्चाची यादी तुम्ही मुद्दाम छोटी ठेवलीत. दोनशे पानी एकरेघी वह्या दोन, चौकटीची वही एक, पेन्सिली, खोडरबर, खडूचा लहान डबा आणि वीसेक झेरॉक्स. तीनशे रुपयांच्या आत हे बसतं. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना पुस्तकं मोफत मिळालेलीच असतात. नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहेत, पण सबंध पुस्तक छापून घेऊ नये. झेरॉक्स पानाला दोन रुपये धरली तर नव्वद पानांचे १८० होतात आणि बालभारतीचं छापील पुस्तक त्याहून स्वस्त पडतं. वरच्या वर्गातल्या मुलाचं जुनं पुस्तक घेताना मुखपृष्ठामागची प्रथमावृत्ती पाहायची. २०२५-२६ पासून पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे, त्यामुळे शेजारच्या ताईचं पुस्तक वर्गातल्या पुस्तकाशी जुळेलच असं नाही. २०२३-२४ मध्ये पुस्तकं चार भागांत निघाली होती. तशी मिळाली तर चारही भाग आहेत ना, ते मोजून घ्यावं. गाइड घ्यायचं नाही, या तुमच्या सूचनेमुळे आमचे पैसे तर वाचलेच, पण तयार उत्तरं पाठ करण्यात जाणारा वेळही वाचला.

घरात एकच मोबाइल आणि तो दिवसभर कामावर जाणाऱ्याच्या खिशात, ही जवळपास प्रत्येक घराची अडचण. त्यावर तुम्ही दिलेला उपाय: पुस्तकातला क्यूआर कोड रात्री सरकारच्या दीक्षा या मोफत ॲपमध्ये स्कॅन करायचा आणि हवा तो भाग डाउनलोड करून ठेवायचा, म्हणजे सकाळी नेट लागत नाही. इंग्रजीच्या कविता आणि उच्चारांसाठी हे फार कामाचं, विशेषतः ज्या घरात इंग्रजी कुणालाच येत नाही तिथे. अवांतर वाचनाला बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आणि स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी, दोन्ही विनामूल्य. विज्ञानासाठी अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊ वस्तूंची खेळणी. अंथरुणावरच्या मुलाला तुम्ही खिडकीच्या गजाची सावली दर तासाला खडूने आखायला दिलीत. त्याला पैसा लागत नाही, आणि दुपारी सावली कुठे सरकते ते मूल स्वतःच सांगू लागतं.

आता गणिताबद्दल, कारण तुमचं खरं कसब तिथे दिसलं. तुमचा नियम असा: रोज पाच मिनिटं तोंडी पाढे, पंधरा मिनिटं नवीन भाग आणि शेवटी फक्त चार उदाहरणं. चारही बरोबर आली तर पुढे जायचं. दोन चुकली तर आणखी दहा घालायची नाहीत. चूक कोणत्या जातीची आहे ते शोधायचं. ५०२ − १७८ चं उत्तर मुलाने ४७६ लिहिलं, तर तो वजाबाकी विसरलेला नाही. प्रत्येक घरात तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय: पाचातून एक चार, सातातून शून्य सात, आठातून दोन सहा. त्याला हातचा ओरडून सांगून उपयोग नाही. आइसक्रीमच्या काड्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांत रबराने बांधायच्या, असे दहा गठ्ठे म्हणजे एक शतक. दोन सुट्या काड्यांतून आठ काढायला सांगितलं, की तो गठ्ठा मागतो. दशकाचा गठ्ठा नसतो, म्हणून शतक सोडावं लागतं. त्यानंतर ३२४ येतं आणि का येतं तेही कळतं. काड्या नसतील तर चिंचोके सुटे आणि दहा-दहा चिंचोक्यांच्या पुड्या.

भागाकारात शून्य गिळलं जातं. ६१८ ला ६ ने भागून मूल १३ लिहितं, कारण सहा एके सहा झाल्यावर पुढच्या १ ला भाग जात नाही म्हणून तो थेट १८ वर जातो. काड्यांनी हेच सहा जणांत वाटायला लावायचं: प्रत्येकाला एक शतक, दशकाचा एकच गठ्ठा सहा जणांना पुरत नाही म्हणून दशकाच्या घरात शून्य, मग तो सोडून आठ मिळवले की अठरा, प्रत्येकाला तीन. उत्तर १०३. रोज ताळा करायची सवयही तुम्हीच लावलीत: १३ ला ६ ने गुणलं तर ७८ येतात, मग ६१८ कुठे गेले? हे पाहिलं की चूक मुलालाच सापडते. चौकटीची वही यासाठीच हवी. एका चौकटीत एक अंक लिहिला, की घरं सरकत नाहीत आणि निष्काळजीपणाच्या म्हणून ओरडा खाणाऱ्या निम्म्या चुका मुळातच होत नाहीत.

अपूर्णांकांसाठी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या. भाकरीचे तुकडे करून शिकवायला सगळे जातात, पण तुकडे सारखे होत नाहीत आणि "समान भाग" हीच गोष्ट मुलाच्या मनातून निसटते. पट्टी दुमडली की भाग समान होतातच. एक पट्टी दोनात आणि दुसरी चारात दुमडून शेजारी ठेवली, की चार मोठा म्हणून पाव मोठा, हा गैरसमज जागच्या जागी संपतो.

वाचनाला रोज दहा मिनिटं मोठ्याने, त्याच्या पातळीचं. परिच्छेदात मूल पाच-सहापेक्षा जास्त शब्दांवर अडखळलं तर मजकूर एक इयत्ता खालचा घ्यायचा आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. लेखनात पानभर शुद्धलेखनाऐवजी तीन वाक्यांचं श्रुतलेखन, मग पुस्तक उघडून मुलाने स्वतःच तपासायचं. चूक सापडली की तिच्या कुटुंबातले शब्द एकत्र लिहायचे: फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, वीट पण विटेला. चार दिवस हे केलं की 'फूलाला' लिहिणं आपोआप कमी होतं. हाताला सलाइन लावलेलं असेल तेव्हा सगळं तोंडी, आईने लिहून घ्यायचं.

बसण्याची तजवीज लहान वाटते, पण अभ्यास टिकतो तो तिच्यावर. पाठीला उशी, मांडीवर परीक्षेचं पॅड, ते घसरू नये म्हणून खाली गोधडीची घडी. पाय प्लास्टरमध्ये असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तसाच ठेवायचा, अभ्यासासाठी हलवायचा नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

परतण्याच्या आधीचा आठवडा तुम्ही वेगळा काढायला लावलात, आणि हे आम्हाला आमचं आम्ही कधी सुचलं नसतं. घरी मूल जवळून वाचतं आणि आपल्या वेगाने लिहितं. वर्गात फळ्यावरून उतरवायचं असतं. म्हणून दारावर खडूने पाच ओळी लिहून आठ फुटांवरून उतरवायला लावायच्या. नीट दिसत नसेल तर तेही इथेच लक्षात येतं आणि डोळे तपासून घेता येतात. न उठता एक तासिकाभर, म्हणजे पस्तीसेक मिनिटं, बसायची सवय करायची. दप्तरात त्या दिवसाचीच पुस्तकं, आणि डॉक्टर म्हणाले तर पहिला आठवडा अर्धा दिवस, तसा अर्ज आधीच. मुलांची भीती बहुधा अभ्यासाची नसते, मित्र आपल्याला विसरले असतील ही असते. शनिवारी वही नेणाऱ्या वर्गमित्राला दहा मिनिटं घरात बसू द्या, असं तुम्ही का म्हणत होता, ते तेव्हा कळतं.

तुमच्या हातच्या काड्यांचे गठ्ठे, कागदी पट्ट्या आणि पाढ्यांचा तक्ता एका डब्यात घालून ठेवला आहे. झाकणाच्या आतून या पत्राची प्रत चिकटवली आहे. ज्या घरात मूल आजारी पडेल त्या घरी तो डबा जाईल. तुम्ही आमच्यासाठी उन्हातान्हात जिने चढलात, मुलांच्या उशाशी बसलात आणि एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत. बाई, मनापासून आभार.

आपले,
वस्तीतले पालक