ट्यूब नाकारलीत, चाचा, म्हणून

हडपसर, पुणे

चाचांना नमस्कार,

तुमच्या पंक्चरच्या दुकानावरून मी रोज जाते, पण थांबून आभार मानायचे म्हटलं की घसा दाटतो. म्हणून लिहितेय. पुतण्या वाचून दाखवेल.

आमचा धाकटा नववीत. आठवड्यात तिसऱ्यांदा तो सोल्युशनची ट्यूब मागायला आला, तेव्हा तुम्ही विचारलंत, "सायकल कुठंय?" सायकल आण, पंक्चर मी काढतो, ट्यूब मिळायची नाही. आम्ही घरी काय करत होतो? दप्तरातले चिकट रुमाल धुवत होतो. तोंडाभोवती पुरळ आलं, त्याला क्रीम लावलं. डोळे लाल दिसले, मोबाइल काढून घेतला. कपड्यांना थिनरसारखा वास यायचा, तो शेजारच्या रंगकामावर ढकलला. तीन महिने! पोरगं ते सोल्युशन रुमालावर घेऊन नशेसाठी हुंगत होतं. माझ्या नाकासमोरचं मला कळलं नाही, ते तुम्हाला टायरच्या ढिगामागून कळलं.

ट्यूब त्याने दुसरीकडून मिळवली. गांजा, ब्राउन शुगरला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे; पंक्चरचं सोल्युशन त्यात येत नाही. ती रबर चिकटवायची वस्तू, कुणीही घ्यावी.

मग ती संध्याकाळ. कालव्याकडेला तो रुमाल तोंडाशी धरून बसलेला तुम्हाला दिसला. बाकीची पोरं पळाली. तुम्ही ओरडला नाहीत, शेजारी जाऊन बसलात. रुमाल हळूच काढून घेतलात आणि पुतण्याला माझ्याकडे धाडलंत. मी आले ती हात उगारूनच. तुम्ही मध्ये आलात. "अभी नहीं, ताई."

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा माझे पाय लटपटले. सोल्युशनमध्ये टोल्युइनसारखी द्रव्यं असतात. ती हुंगलेल्या पोराला एकदम घाबरवलं, पळायला लावलं, तर हृदयाचे ठोके बिघडून ते जागच्या जागी जाऊ शकतं. पहिल्यांदाच हुंगणारंसुद्धा. म्हणजे माझा तो हात... जाऊ दे. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी नंतर विचारलं, तर म्हणालात, शिकवायचं काय त्यात, पोरगं आधीच घाबरलेलं होतं.

पुढचं सगळं संथ. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत हेल्पलाइनवर फोन केला, समुपदेशन सुरू झालं. यावर उतारा म्हणून एखादी गोळी नसते, हे पचायलाच मला महिना लागला. दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी आपणहून येऊन सांगितलं. मी काही बोलले नाही, वरणभात वाढला.

एक राहिलंय. पंक्चरवाल्यानेच नादाला लावलं असेल, असं आमच्या इमारतीत बोललं गेलं. मी "नाही हो" म्हणाले, पण तोंडातल्या तोंडात. जितक्या जोरात म्हणायला हवं होतं तितक्या जोरात नाही. त्याची माफी मागते. आता म्हणते, जिन्यात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

परवा त्याच्या सायकलचं मागचं चाक बसलं. रविवारी ढकलत तुमच्याकडे आणणार आहे. या वेळी सायकल असेल, चाचा. सोल्युशन मात्र तुमच्याच हाताने लावा.

तुमची,
धाकट्याची आई