शिकवायला चालते, पुस्तक न्यायला चालत नाही

प्रति,
मा. संचालक,
उच्च शिक्षण संचालनालय, गोवा सरकार,
पर्वरी

महोदय,

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधीचा आठवडा होता. मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवते तिथल्या ग्रंथालयाच्या काउंटरवर फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ हे जुने मराठी काव्य घेऊन उभी होते. दुसऱ्या वर्षाला त्यातला काही भाग लावलेला आहे. चवथीत माटोळी, आरत्या, पाहुणे सगळे उरकले की उरलेले दिवस ते निवांत वाचावे, असा माझा बेत होता. काउंटरवरचा अटेंडंट ओळखीचा. त्याने पुस्तक घेतले, उघडले, मिटले आणि आवाज खाली आणून विचारले, “मॅडम, तुमची ऑर्डर आयली?”

आली नव्हती. जूनच्या शेवटापासून मी वर्गावर होते. हजेरीपट माझ्या अक्षरात भरत होता, पहिली चाचणी मीच घेतली होती आणि पेपरही मीच तपासले होते. नेमणुकीची ऑर्डर तेवढी कुठल्यातरी फायलीत होती. “मागीर हें घरा व्हरूंक मेळचें ना,” म्हणजे मग हे घरी नेता येणार नाही, असे तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मग पहिल्या पानावरचा ‘संदर्भ ग्रंथ’ हा तांबडा शिक्का त्याला दिसला, तेव्हा बिचाऱ्याला जरा सुटल्यासारखे वाटले असावे. निदान नकार एकट्या ऑर्डरीपायी नव्हता.

त्या दिवशी बसमध्ये बसून मी एक हिशेब केला. ‘ख्रिस्तपुराणा’त जवळपास ११ हजार ओव्या आहेत. दोन तासांच्या मध्ये मला एक मोकळा तास मिळतो, तोही रोज नाही. रीडिंग रूममध्ये बसून, जुने शब्द अडत, टिपणे काढत वाचले तर तासाला साठ ओव्या होतात. म्हणजे हे पुस्तक ग्रंथालयाच्या आत बसून संपवायला मला १८० मोकळे तास हवेत. यूजीसीने शिकवण्याचे दिवसही वर्षाला १८०च धरले आहेत. पोरांची परीक्षा होऊन ती तिसऱ्या वर्षाला गेली की माझे वाचून व्हायचे.

दुसरी गंमत अशी की १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या या ग्रंथाच्या मूळ आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. पुराण टिकले ते हाताने उतरवून काढलेल्या नकलांमुळे, म्हणजे कुणीतरी ते कपाटाबाहेर काढून आपल्या घरी नेले, उतरवले, वाचले, म्हणून.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, तिथे ज्याला तासिका तत्त्व म्हणतात त्याला आमच्याकडे लेक्चर बेसिस म्हणतात. जितके तास घ्यावे तितके पैसे. त्याच्या वरची पायरी कॉन्ट्रॅक्ट, आणि सगळ्यात वर नियमित. ही उतरंड पगारात आहे, रजेत आहे, हे मी मान्य करून बसले आहे, आणि त्याविषयी हे पत्र नाही. तीच उतरंड पुस्तकांच्या कपाटाला का लावायची, एवढेच मला आपल्याला विचारायचे आहे.

आजवर मी तीन महाविद्यालयांत शिकवले. एकात नियमित प्राध्यापकाला सत्राला पंधरा पुस्तके, कॉन्ट्रॅक्टवाल्याला पाच आणि लेक्चर बेसिसवाल्याला दोन, तीही अनामत रक्कम भरून. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तिथे दोनच मिळत. म्हणजे पुस्तकांच्या बाबतीत मी आणि माझा विद्यार्थी एका पायरीवर, फक्त त्याचे कार्ड जुलैत तयार होई आणि माझे सप्टेंबरात. दुसऱ्या महाविद्यालयात कार्ड मिळे, पण ऑर्डर हातात आल्यावर.

तिसऱ्यात नियमच नव्हता. तिथल्या ग्रंथपाल मनाने मोठ्या, त्यांनी वाट काढली होती: “विभागप्रमुखांच्या नावावर घाला.” मग माझी सगळी पुस्तके विभागप्रमुख मॅडमच्या खात्यावर चढू लागली. दोन वर्षे हे सुरळीत चालले. नंतर मॅडम निवृत्त व्हायला आल्या, ‘नो ड्यूज’चा दाखला हवा झाला आणि त्यांच्या नावावर निघाली एकोणीस पुस्तके. त्यांतली बारा माझ्याकडे होती. चार त्यांच्या कपाटात मिळाली. दोन आधीच्या वर्षीच्या एका लेक्चर बेसिस मुलाने नेली होती आणि तो तोवर पुण्याला नोकरीला लागला होता. त्याने ती कुरियरने पाठवली, स्वतःच्या खर्चाने. एक काही केल्या सापडेना. तीस वर्षे शिकवलेली बाई शेवटच्या आठवड्यात दाखल क्रमांकांची यादी हातात धरून स्टाफरूमचे खण उघडत होती आणि मी मागे उभी राहून ओशाळत होते. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे मी भरते म्हटले, तर त्यांनी ऐकले नाही. भरले त्यांनीच. हा माणुसकीवर चाललेला कारभार आहे, महोदय, आणि माणुसकीचा हिशेब शेवटी कुणाच्यातरी निवृत्तीच्या कागदांत निघतो.

यात मी ग्रंथपालांना दोष देणार नाही. साठा पडताळणीच्या वेळी त्यांची काय अवस्था होते ते मी पाहिले आहे. एकेक पुस्तक हातात घेऊन नोंदवहीशी ताडायचे, आणि जे मिळणार नाही त्याचा जाब द्यायचा. ज्याचा जाब द्यावा लागतो ते पुस्तक बाहेर न देणे सगळ्यात सोपे. आणि लेक्चर बेसिसवाला म्हणजे आज आहे, उद्या नाही. त्याच्याकडून वसुली कशी करायची, ही भीती खोटी नाही.

पण या भीतीवरचे औषध सरकारच्याच कागदात आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ पाहावा. वर्षभरात इश्यू झालेल्या किंवा ग्रंथालयात बसून वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे तिथे वाजवी धरले आहे. अट इतकीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. हजार रुपयांवरचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. हा नियम लिहिणाऱ्या बाबूला मला एकदा भेटायचे आहे. पुस्तके वापरली की काही जाणारच, हे त्याला ठाऊक होते. शिवाय आकडा वापरावर बांधलेला आहे, कपाटातल्या संख्येवर नाही. ज्या ग्रंथालयातून पुस्तके जास्त फिरतात त्याला सूटही जास्त. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे हे मला कळते. पण त्याच धर्तीचे एक वाक्य आपल्या परिपत्रकात आले, तर राज्यातले ग्रंथपाल पडताळणीच्या वर्षीही झोपू शकतील.

दर १२ ऑगस्टला महाविद्यालयांत ग्रंथपाल दिन होतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतात, कुणीतरी त्यांची पंचसूत्री वाचून दाखवते. १९३१ पासूनचे त्यातले पहिलेच सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हार्वर्डच्या एका जुन्या ग्रंथपालाची गोष्ट सांगतात. तो एकदा मोठ्या आनंदात अंगणातून चाललेला. कुणी विचारले, आज एवढे खुशीत? म्हणाला, सगळी पुस्तके जागेवर आली, दोनच राहिलीत. ती प्राध्यापक अ‍ॅगासी यांच्याकडे आहेत आणि तीच आणायला निघालोय. गोष्ट खरी की रचलेली कोण जाणे. आमच्याकडे हा गृहस्थ दर एप्रिलमध्ये भेटतो.

एप्रिल संपायच्या आत शिक्षकांनी सगळी पुस्तके परत करावीत, अशी नोटीस लागते. कारण पडताळणी. मग मे महिना येतो. पेपर तपासून झालेले असतात, पुढच्या सत्राची तयारी करायला वर्षातला हा एकच सलग काळ, आणि नेमकी तेव्हा सगळी पुस्तके कपाटात जाऊन बसतात. जूनमध्ये पाऊस धरतो. बंद काचेच्या कपाटात महिनाभर पडलेल्या पुस्तकाचे आमच्या हवेत काय होते ते आपल्याला सांगायला नको. गेल्या जुलैत मी एक कथासंग्रह काढला, तर पाठीवर पांढरी बुरशी, आत कसर फिरलेली, आणि मागच्या ड्यू डेटच्या कागदावर शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा. हे पुस्तक वाचकांनी खराब केले नव्हते.

लेक्चर बेसिसवाल्यांना तर मे महिना नसतोच. सत्र संपले की आमची ऑर्डर संपते, ऑर्डर संपली की कार्ड संपते. नवी ऑर्डर निघेपर्यंत आम्ही महाविद्यालयाचे कुणी नसतो. तरी जूनमध्ये फोन येतो की अमुक पेपर तुम्हाला दिलाय, तयारी ठेवा. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम सुरू झाले आहेत, दर सत्राला नवे पेपर येताहेत. कुणी कधी न शिकवलेला पेपर कुणाच्या वाट्याला येतो हे स्टाफरूममध्ये बसलेल्या कुणालाही विचारावे. शिवाय पीएच.डी. अर्धी, प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा द्यायची आहे, लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीची तयारी चालू आहे, असे सगळे आमच्यातच. वाचायची गरज ज्याला सगळ्यात जास्त त्याला कार्ड सगळ्यात उशिरा, असा हा उलटा कारभार.

ऑनलाइन वाचा, असे कुणी सुचवील, म्हणून तेही सांगून टाकते. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके. काम मोठे आहे यात शंका नाही. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, आणि गोव्यात तर कितीतरी मुले अनुदानित महाविद्यालयांत शिकतात. शिवाय लॉगिनला संस्थेचा ई-मेल हवा, आणि तो मागितला तेव्हा मला पहिला प्रश्न विचारला गेला तो ऑर्डरीचाच. तो ई-मेल मिळाला असता तरी मराठीच्या शिक्षकाला त्या १३ हजारांत हवे ते कितीसे मिळणार? आम्हाला लागते ते कपाटातच आहे.

पदरचे पैसे घालून घेतो आम्ही पुस्तके, नाही असे नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पिसुर्लेकरांचा आणि कोसंबींचा संग्रह आहे. तोही त्या विद्वानांनी आयुष्यभर स्वतः जमवलेला. पण त्यांचे उदाहरण तासावर पैसे घेणाऱ्या माणसाला द्यायचे म्हणजे जरा अतीच.

आता मागणे. राज्यातल्या सर्व सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांना आपण एका पानाचे परिपत्रक काढावे. वेळापत्रकात ज्याचे नाव आहे त्याला पहिल्या तासाच्या दिवशी ग्रंथालयाचे कार्ड मिळावे. ऑर्डरची वाट पाहू नये, प्राचार्यांच्या सहीचे वेळापत्रक पुरे मानावे. त्यावर नियमित शिक्षकाइतकीच पुस्तके मिळावीत. कार्ड पुढच्या जूनपर्यंत चालावे, मे धरून. वसुलीची काळजी असेल तर शेवटच्या महिन्याचे बिल ‘नो ड्यूज’ दाखवल्यावर द्या, आमची हरकत नाही. पडताळणी करायचीच तर ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याच्याकडून दाखल क्रमांकाचा फोटो मागवा. फोन सगळ्यांकडे आहेत. संदर्भ ग्रंथाचा तांबडा शिक्का असलेले पुस्तक निदान शुक्रवारी संध्याकाळी देऊन सोमवारी सकाळी परत घेता येईल.

आणखी एक, पण हे पहिल्या कामाच्या आड येत असेल तर नंतर बघा. उभा गोवा पेडण्यापासून काणकोणापर्यंत शंभरएक किलोमीटर. साखळीच्या महाविद्यालयात धूळ खात असलेले पुस्तक केप्याच्या शिक्षकाला हवे असेल तर त्याने ते कसे मिळवावे? आज उत्तर असे की ओळख काढावी. एकमेकांची सूची एका ठिकाणी दिसली आणि आठवड्यातून एक गाडी फिरली, तर हे भागेल. पणजीत १८३२ पासून सार्वजनिक ग्रंथालय असलेल्या प्रदेशाला हे अवघड नसावे. पाटोवर त्याच ग्रंथालयाला आज कृष्णदास शामा यांचे नाव आहे, आणि तिथे पुस्तक मागताना माझी ऑर्डर कुणी विचारत नाही.

हे पत्र मी नावाने लिहायला हवे होते. पण जूनमध्ये ऑर्डर निघायची आहे, म्हणून लिहीत नाही. ‘ख्रिस्तपुराणा’च्या मी ७४० ओव्यांपर्यंत आले आहे. रीडिंग रूमच्या टेबलावर पान लक्षात राहावे म्हणून कदंबा बसचे जुने तिकीट घालून ठेवते. अटेंडंट रोज संध्याकाळी पुस्तक कपाटात ठेवतो, आणि तिकीट तसेच राहू देतो.

आपली,
लेक्चर बेसिसवरची एक मराठीची शिक्षिका
फोंडा